विद्यार्थ्यांचें वनसंशोधन

पुस्तकांचें परीक्षण करणें हा मासिकांचा नित्याचा उद्योग आहे. परंतु लेखनाचा एक प्रकार असा आहे कीं, तो दरवर्षीं असंख्य पानें व्यापीत असतां त्याजवर टीकेचा एक शब्दहि कोणी लिहीत नाहीं. महाविद्यालयांतील विद्यार्थी जे प्रकल्प लिहितात, व पुढें विद्यापीठांत जे लघुप्रबंध आणि प्रबंध सादर करितात, तो हा प्रकार होय. परीक्षक तो चाळतो, गुण मांडतो, आणि वही कपाटांत जाते. ज्या लेखनावर टीका होत नाहीं तें सुधारत नाहीं, हा नियम काव्यास लागू आहे तसाच प्रकल्पासहि लागू आहे. म्हणून ह्या लेखनाच्या एका शाखेचा, म्हणजे रानें, रानांशीं निगडित असलेला वारसा आणि रानांची व्यवस्था यांवरील विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा, विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

विषय रुक्ष आहे असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ सालच्या निर्णयानंतर पर्यावरणाचें शिक्षण सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांस आवश्यक होत गेलें, आणि त्याबरोबर प्रत्यक्ष पाहणीच्या वहीनें घरोघर प्रवेश केला. ज्या घरांत पदवीच्या वर्गांतील मुलगा किंवा मुलगी आहे त्या घरांत अशी एखादी वही रात्रीं जागून पुरी केली गेली आहे. आणि तिच्यांतील कांहीं पानें वडिलांच्या, तर कांहीं थोरल्या बहिणीच्या अक्षरांत आहेत, हें वाचक आमच्यापेक्षां अधिक जाणतात. बाजारांत तयार चित्रांचे तक्ते मिळतात, तयार मजकूरहि मिळतो. अशा वहीची चेष्टा करणें सोपें आहे; आम्हांस ती करावयाची नाहीं. ही वही काय होऊं शकली असती आणि काय होऊन बसली आहे, ह्यांतील अंतर दाखवावें एवढाच आमचा हेतु आहे.

टीकेस पाय ठेवावयास भूमि लागते. आम्ही ती नामपूरची घेतों. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यांत मोसम नदीच्या कांठीं हें बाजाराचें गांव वसलें आहे. कांदा आणि डाळिंब हीं येथील पिकें, व त्यांचे भाव हा येथील संभाषणाचा विषय. नदीच्या कांठानें पश्चिमेस वर गेलें म्हणजे हरणबारीचें धरण लागतें. त्या बाजूस मुल्हेर, आणि त्याहिपुढें साल्हेर. जसजसें वर जावें तसतसें बागाइताचें हिरवेंपण मागें पडतें, आणि साग, खैर, धावडा, सलई, पळस, मोह यांचें रान व उघडे डोंगर आळीपाळीनें दिसूं लागतात. तेथें कोकणा व भिल्ल लोकांची वस्ती आहे. मार्गशीर्षांत तेथें डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. साल्हेर हा १,५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच किल्ला. १६७२ सालीं त्याच्या परिसरांत मराठ्यांनीं मोंगलांचा उघड्या रणांत पराभव केला, आणि २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले त्यांत त्याची गणना झाली. मुल्हेर म्हणजे जुना मयूरगिरि. तेथील बागुल राजांच्या आश्रयास असलेल्या रुद्रकवीनें १५९६ सालीं त्या वंशाचें संस्कृत महाकाव्य रचिलें. सारांश, वनस्पति, वारसा आणि व्यवस्था हे तिन्ही विषय एकाच नदीच्या कांठीं कोणी ओळीनें मांडून ठेवावे तसे येथें आहेत, आणि एका दिवसाच्या प्रवासांत ते पाहतां येतात. नामपूरच्या विद्यार्थ्यास विषय शोधीत ॲमेझॉनच्या खोऱ्यांत जाण्याचें कांहींच कारण नाहीं. तरी वह्या उघडून पाहाव्या तर त्यांचें पहिलें पान ॲमेझॉनच्या खोऱ्यांतच सुरू होतें!

हें असें कां होतें, हें समजण्यासाठीं आमच्याकडे रानाविषयीं लिहिण्याच्या ज्या परंपरा आहेत त्यांकडे वळलें पाहिजे. योगायोग असा कीं, त्यांपैकीं दोन परंपरांचे ठळक नमुने एकाच वर्षाचे, १८८३ सालचे, आहेत. त्या वर्षीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेंत नाशिक जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षीं जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. गॅझेटियरांत डोंगर, नद्या, झाडें, राखीव रानें, उत्पन्न आणि खर्च यांची मांडणी आहे. ती चोख आहे, शिस्तीची आहे, आणि आजहि उपयोगाची आहे. परंतु रान राखीव झाल्यावर ज्याची गाय त्या रानांत जाईनाशी झाली तो मनुष्य तेथें आंकड्यांत असला तरी बोलत नाहीं. फुल्यांच्या ग्रंथांत तो बोलतो. डोंगराळ भागांतील गरीब शेतकरी पूर्वीं रानचीं फळें खाऊन, मोहाचीं व पळसाचीं फुलें आणि पानें विकून, लांकूडफांटा आणून, गाय-शेळी चारून कसा निभावत असे, आणि जंगलखात्यानें तीं कुरणें व डोंगर आपल्या ताब्यांत घेतल्यावर त्याची कशी कोंडी झाली, हें फुल्यांनीं ज्या तळमळीनें मांडलें आहे तीस मराठींत तोड नाहीं. परंतु फुल्यांचा ग्रंथ हा फिर्यादीचा आहे, मोजणीचा नव्हे. कोणत्या डोंगरावर किती झाडें होतीं व किती उरलीं, हें सांगणें त्यांचें काम नव्हतें.

एका लेखनांत आंकडा आहे पण आवाज नाहीं. दुसऱ्यांत आवाज आहे पण आंकडा नाहीं. ह्या दोघांचा संगम व्हावा, मोजणाऱ्यानें ऐकावें व ऐकणाऱ्यानें मोजावें, हीच वनविषयक विद्येची खरी कसोटी आहे असें आम्हांस वाटतें. आणि हा संगम घडवून आणण्यास गांवांतला विद्यार्थी जितका योग्य तितका दुसरा कोणी नाहीं. कारण मोजण्याची रीत त्याला शिकविली जाते, आणि ऐकण्याची भाषा त्याच्या घरांत आहे. मोसमच्या खोऱ्यांतील मुलाला अहिराणी शिकावी लागत नाहीं. पश्चिमेकडील पाड्यावरच्या मुलाला कोकणी बोली शिकावी लागत नाहीं. विलायतेंतून येणाऱ्या पंडिताला जें दोन वर्षांत साधत नाहीं, तें ह्यांना आजीजवळ बसल्या बसल्या साधलेलें असतें.

मोजणीच्या परंपरेनें पुढें मोठे ग्रंथ दिले. पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे एक काळचे प्रमुख थिओडोर कुक यांनीं १९०१ पासून १९०८ पर्यंत मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला. त्यांत एक लहानशी पद्धति आहे, तिच्याकडे आम्ही विद्यार्थ्यांचें मुद्दाम लक्ष वेधतों. वनस्पतीच्या वर्णनाखालीं ती जेथें सांपडली तें स्थळ दिलेलें असतें, आणि स्थळापुढें ती गोळा करणाऱ्याचें नांव. ह्या नांवांत साहेबांच्या नांवांबरोबर कानिटकर आहेत, आणि नुसता ‘भिवा’ हि आहे. नांवापुढें उद्गारचिन्ह असतें. त्याचा अर्थ, हा नमुना ग्रंथकारानें स्वतः पाहिला आहे. स्थळ, गोळा करणारा आणि पाहणारा, ह्या तिघांची साक्ष एका ओळींत आली. म्हणूनच शंभर वर्षांनंतरहि कोणी त्या डोंगरावर जाऊन ती वनस्पति अद्याप आहे कीं नाहीं हें पडताळून पाहूं शकतो. पुढें १९९१ सालीं लक्ष्मीनरसिंहन् व शर्मा यांचा नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवरील स्वतंत्र ग्रंथ निघाला. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याला आरंभ करावयास कोरें पान नाहीं. भक्कम पाया आहे.

दुसरें वळण १९७० नंतर आलें. पुण्यांतील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींत काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि नुकतेच परदेशांतून शिकून परतलेले माधव गाडगीळ यांनीं देवरायांचा, म्हणजे देवाच्या नांवानें राखलेल्या रानांचा, पद्धतशीर अभ्यास केला. तोंपर्यंत देवराई हा एक तर भाविकाचा किंवा अंधश्रद्धेची निंदा करणाऱ्याचा विषय होता. ह्या दोघांनीं ती शास्त्राच्या कक्षेंत आणली. गाडगिळांनीं सांगितलेली एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी गांवच्या लोकांची देवराई तोडली जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां गांवकऱ्यांनीं ह्या अभ्यासकांकडे धांव घेतली. आणि राई राखण्याचें कारण त्यांनीं केवळ देवीचा कोप हें सांगितलें नाहीं, राईंतून येणाऱ्या ओढ्याचें पाणी हें सांगितलें. देव, झाड आणि पाणी यांचा हिशेब गांवकऱ्यांनीं आधींच एकत्र मांडलेला होता. शास्त्रज्ञांचा मोठेपणा एवढा कीं त्यांनीं तो ऐकला, लिहून घेतला, आणि पुढें राईसाठीं रदबदली केली. संशोधन म्हणजे नवें कांहीं सांगणेंच नव्हे. जें कोणास ठाऊक आहे तें ज्याला ठाऊक नाहीं त्याच्यापर्यंत प्रामाणिकपणें पोंचविणें हेंहि संशोधनच.

आतां ह्या परंपरांच्या प्रकाशांत विद्यार्थ्यांच्या वह्यांकडे पाहूं. आमच्या पाहण्यांत ज्या आल्या त्यांचें स्वरूप बहुतेक ठराविक आहे. आरंभ जगाच्या तापमानापासून, मग भारताचें वनक्षेत्र, मग महाराष्ट्राचें, आणि चाळिसाव्या पानावर, म्हणजे वही संपत आली असतां, तालुक्याचें नांव. जो भाग विद्यार्थ्यानें स्वतः पाहावयाचा तो सर्वांत आंखूड, आणि जो त्यानें उतरून काढावयाचा तो सर्वांत लांब. ही केवळ रचनेची चूक नव्हे, ती दृष्टीची चूक आहे. लेखक जगाकडून आपल्या डोंगराकडे पाहतो. त्यामुळें डोंगर हा जगाच्या एका सिद्धांताचें लहानसें उदाहरण होऊन बसतो, आणि उदाहरणाला स्वतःचें असें म्हणणें कधींच नसतें.

दुसरा दोष टक्केवारीचा. तीस घरांत प्रश्नावली वांटली, बावीस जणांनीं ‘होय’ म्हटलें, तर वहींत ‘७३.३३ टक्के’ लिहिलें जातें. दशांश चिन्हापुढचे ते दोन आंकडे पाहून परीक्षक प्रसन्न होत असावा. पण ‘तीसपैकीं बावीस’ हें लिहिणें अधिक खरें होतें, हें त्याला कोणी सांगत नाहीं. शिवाय प्रश्न काय विचारला? ‘जंगलाचें रक्षण व्हावें असें आपणांस वाटतें काय?’ ह्या प्रश्नाला ‘नाहीं’ म्हणणारा मनुष्य बागलाणांत काय, कोठेंच सांपडावयाचा नाहीं. उलट, ‘गेल्या उन्हाळ्यांत सरपण कोठून आणलें? पांच वर्षांपूर्वीं कोठून आणीत होतां? त्याला किती वेळ लागत असे, आतां किती लागतो?’ असें विचारलें असतें, तर उत्तरांत रानाचा इतिहास आला असता. जो प्रश्न वेळ, अंतर आणि ओझें यांत मोजतां येतो तो रानाचा प्रश्न. जो केवळ मत विचारतो तो परीक्षेचा प्रश्न.

तिसरा दोष नांवांचा. झाडाचें लॅटिन नांव वहींत असतें, आणि तें असलेंच पाहिजे. पण ज्या बाईनें तें झाड दाखविलें तिनें त्याला काय म्हटलें, त्याचा पाला कोणत्या महिन्यांत काढितात, तो कोणत्या दुखण्यावर देतात, हें बहुधा गळतें. आणि ती बाई तर पुरती गळते. ‘स्थानिक लोकांकडून माहिती मिळाली’ एवढ्या शब्दांत तिची बोळवण होते. परकी सत्ता असतां निघालेल्या ग्रंथांत भिवाला जागा मिळाली, आणि स्वराज्यांतील वहींत त्याच्या नातीला मिळूं नये, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. तिची संमति घेऊन, ती म्हणेल त्या रीतीनें, तिच्या ज्ञानाचें ऋण नांवानिशीं मान्य करणें हा साधा सौजन्याचा भाग आहे. पण तो शास्त्राचाहि भाग आहे, कारण ज्या माहितीला सांगणारा नाहीं ती माहिती पडताळतां येत नाहीं.

चौथा दोष असा कीं, वारसा आणि वन हीं दोन वेगळीं प्रकरणें समजलीं जातात. साल्हेरवर लिहिणारा विद्यार्थी दरवाजे, टाकीं व तट मोजतो. त्याच डोंगराच्या उतारावर काय उगवतें याविषयीं त्याची वही मौन धरते. वनस्पतींवर लिहिणारा विद्यार्थी झाडें मोजतो. तीं कोणत्या किल्ल्याच्या उतारावर आहेत हें तो विसरतो. डोंगऱ्यादेवाचा उत्सव तर कधीं ‘संस्कृति’ म्हणून एका पानांत, तर कधीं ‘अंधश्रद्धा’ म्हणून एका ओळींत येतो. पण त्या देवस्थानाच्या भोंवतालीं कांहीं मर्यादा पाळल्या जातात काय, जात असल्यास त्या कोण ठरवितो, व नवी पिढी त्या मानते काय, हा जो खरा प्रश्न तो दोन्ही वह्यांच्या फटींतून निसटतो. ज्या गडाला कवीनें मोराच्या नांवानें गौरविलें त्याच्या पायथ्याशीं आज मोर आहेत कीं नाहींत, असतील तर कोणत्या ओढ्यांत, एवढें जरी कोणी सलग तीन वर्षें पाहून लिहिलें, तरी काव्य व प्राणिशास्त्र दोहोंची सेवा होईल. शेजारच्या कळवण तालुक्यांत १९३० सालीं जंगल सत्याग्रह झाला. ज्यांनीं त्या दिवसांच्या गोष्टी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकल्या तीं माणसेंहि आतां वृद्ध झालीं. रानाच्या व्यवस्थेचा ह्याहून मोलाचा दाखला कोणता? पण तो इतिहासाच्या विद्यार्थ्याला रानाचा वाटतो, व रानाच्या विद्यार्थ्याला इतिहासाचा.

पांचवा दोष शेवटच्या पानाचा, म्हणजे शिफारशींचा. ‘जनजागृति करावी, वृक्षारोपण करावें, लोकांचा सहभाग वाढवावा, शासनानें लक्ष द्यावें.’ हीं चार वाक्यें कोणत्याहि वहीच्या अखेरीस जोडतां येतात, आणि म्हणूनच कोणत्याहि वहीचीं नाहींत. ज्या निष्कर्षाला पाहणी करण्यापूर्वींच पोंचतां येतें त्यासाठीं एस्. टी. चें भाडें कां खर्चावें?

हें सर्व वाचून कोणी म्हणेल कीं, तुम्ही मुलांवर अन्याय करीत आहां. सहा महिन्यांचें सत्र. त्यांत पाऊस आणि परीक्षा. राखीव रानांत जावयाचें तर परवानगी. मार्गदर्शकाच्या हाताखालीं डझनावारी मुलें. आणि घरीं कांदा काढणीला आलेला. अशा स्थितींत मुलानें काय दिवे लावावे? हा आक्षेप आम्हांस पूर्णपणें मान्य आहे, आणि म्हणूनच आमचा रोख विद्यार्थ्यावर नसून रीतीवर आहे. एका विद्यार्थ्याला सहा महिन्यांत एक रान समजणार नाहीं हें खरें. पण वीस वर्षांत वीस तुकड्यांना तें कां समजूं नये? आजची रीत अशी आहे कीं प्रत्येक वर्षीं प्रत्येक विद्यार्थी पहिल्यापासून आरंभ करितो, दुसऱ्या ठिकाणीं जातो, दुसरा विषय घेतो, आणि त्याची वही पुढल्याच्या हातीं कधींच पडत नाहीं. विहीर खणावयाची ती वीस ठिकाणीं हातहात खणली, तर पाणी कोठेंच लागावयाचें नाहीं.

ह्याच्या उलट उदाहरणें जगांत आहेत. ऑक्सफर्डजवळचें वायथम् हें रान १९४२ सालीं तेथील विद्यापीठाच्या हातीं आलें. १९४७ पासून तेथें टिट नांवाच्या एका लहान पक्ष्याच्या घरट्यांची दरवर्षीं नोंद होत आहे. पक्षी सामान्य, रान लहान. पण पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांनीं त्याच पेट्या उघडून तींच अंडीं मोजल्यामुळें आज निश्चयानें सांगतां येतें कीं, वसंत लवकर येऊं लागला तसा तो पक्षी पूर्वींपेक्षां आठवडे-दोन आठवडे आधीं अंडीं घालूं लागला आहे. हवामानाच्या फेरफाराविषयीं आमच्या वह्यांचीं पहिलीं चाळीस पानें जें सांगूं पाहतात, तें तेथें घरट्यांच्या नोंदीनें सिद्ध झालें. आपल्या देशांतहि तामिळनाडूंतील मुदुमलाईच्या रानांत भारतीय विज्ञान संस्थेनें १९८८ सालीं पन्नास हेक्टरांचा एक तुकडा आंखला, त्यांतील एक सेंटिमीटरहून जाड अशा प्रत्येक झाडास क्रमांक दिला, आणि तीं झाडें पुनःपुन्हा मोजिलीं. नामपूरच्या महाविद्यालयीन मुलांना पन्नास हेक्टर नकोत. एक एकर पुरे. शंभर झाडें, शंभर क्रमांक, प्रत्येकाचा घेर, फुलण्याचा दिवस, फळाचा दिवस, आणि कोणी तोडलें असल्यास तोडल्याची तारीख. ह्यास सूत, पट्टी व वही यांपलीकडे भांडवल लागत नाहीं. फक्त पुढच्या वर्षींच्या विद्यार्थ्यानें मागच्या वर्षाची वही हातीं घेऊन त्याच झाडाखालीं उभें राहिलें पाहिजे.

वायथम् व मुदुमलाई दूर आहेत असें वाटत असेल, तर बागलाणच्या उत्तरेस डोंगर ओलांडून धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत उतरावें. तेथें बारीपाडा नांवाचें लहानसें आदिवासी गांव आहे. १९९० नंतरच्या वर्षांत चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं आपला उजाड झालेला डोंगर राखण्याचें ठरविलें. नियम केले, दंड ठरविला, पहारा ठेविला. आणि सुमारें ४४५ हेक्टर रान पुन्हां उभें राहिलें. २०२५ सालीं पवारांना पद्मश्री मिळाली. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्या गांवची दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. २००४ पासून तेथें रानभाज्यांच्या पाककलेची स्पर्धा भरते. बायका रानांतून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात व त्यांची माहिती सांगतात. ह्या स्पर्धेच्या आरंभाशीं बाहेरून अभ्यासास आलेल्या एका संशोधकाचा संबंध होता. त्याच्या अभ्यासाचें जें काय व्हावयाचें असेल तें विद्यापीठांत झालें असेल. पण गांवांत जें मागें राहिलें तें हें, कीं बायकांचें जें ज्ञान चुलीपाशीं मुकें होतें त्याला मांडव मिळाला. कोणत्याहि वनसंशोधनाविषयीं आम्ही हाच प्रश्न विचारूं: अभ्यासक निघून गेल्यावर गांवांत काय उरलें?

हा प्रश्न आतां केवळ सौजन्याचा राहिलेला नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभांना आपल्या सामूहिक रानाचें रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. आणि ज्या ग्रामसभेस तो मिळतो तिनें त्या रानाची योजना तयार करावयाची आहे. योजना करावयाची तर रानांत काय आहे, किती आहे, पूर्वीं किती होतें, व त्यावर कोण जगतो, हें मांडलें पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक गांवची जैवविविधतेची लोकनोंदवहीहि व्हावयाची. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें त्यासाठीं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. आणि मुदतीच्या आदल्या आठवड्यांत भरलेली वही कशी असते, हें विद्यार्थ्यांच्या घरांत सांगावयास नको. एकीकडे ग्रामसभेला पाहणी करणारे हात हवे आहेत; दुसरीकडे शेंकडों विद्यार्थी पाहणीचा विषय शोधीत आहेत; आणि दोघांची गांठ पडत नाहीं, कारण एकाची वही परीक्षकासाठीं आहे व दुसऱ्याची अधिकाऱ्यासाठीं. गांवासाठीं वही कोणाचीच नाहीं.

नामपूरच्या बागाइतदार घरांना हें दूरचें वाटूं नये. मोसमचें जें पाणी डाळिंबाच्या मुळाशीं येतें तें वरच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचें आहे. आणि पाऊस डोंगरावर मुरतो कीं माती घेऊन धरणांत उतरतो, हें त्या डोंगरावरच्या झाडोऱ्यावर अवलंबून आहे. डाळिंबाचा भाव रोज पाहणाऱ्या घरानें आपल्या मुलाला वर्षांतून दोनदां वरच्या डोंगरावरचीं शंभर झाडें मोजावयास पाठविलें, तर तो छंद म्हणतां येणार नाहीं. ती घरच्याच हिशेबाची एक बाब आहे.

राहतां राहिला भाषेचा प्रश्न. पदव्युत्तर प्रबंध बहुधा इंग्रजींत लिहिले जातात. ‘शोधगंगा’ नांवाच्या संग्रहांत ते आतां कोणासहि वाचावयास मिळतात, ही मोठीच सोय आहे. परंतु ज्यांच्या रानाविषयीं ते आहेत त्यांच्यासाठीं तीं दारें उघडीं असूनहि बंदच. इंग्रजींत लिहूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. शास्त्राचा व्यवहार व्यापक भाषेंत होणारच. पण प्रत्येक प्रबंधाबरोबर वीस पानांची एक मराठी पुस्तिका गांवास देणें सक्तीचें केलें, तर प्रबंधकारासहि आपल्याला काय समजलें व काय नाहीं याचा लख्ख उलगडा होईल. मराठीला हें जमणार नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. त्यांनीं आयुष्यभर रानांत नोंदी केल्या, आदिवासींकडून शब्द वेंचले, जुन्या ग्रंथांतून शोधले, आणि काकागार, सारंगागार, रातनिवारा असे शब्द मराठीच्या पदरांत टाकले. २०२५ सालीं ते गेले. पण नोंदवही आणि साहित्य यांत भिंत नाहीं हें ते दाखवून गेले. त्यांच्याइतकें सर्वांना साधणार नाहीं. बागलाणच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या आजीकडून दहा झाडांचीं अहिराणी किंवा कोकणी नांवें अचूक उतरून घेतलीं तरी दहा वर्षांत तालुक्याचा वृक्षकोश उभा राहील, आणि तो दुसऱ्या कोणाला करतां येणार नाहीं.

आमचें मागणें थोडें आहे. वही जगापासून नव्हे तर गांवापासून सुरू व्हावी. तींत स्थळ, दिवस आणि सांगणाऱ्याचें नांव असावें. शेंकडेवारीच्या आधीं मोजलेली संख्या असावी. शिफारस एकच असावी, पण ती त्याच डोंगराला लागू पडणारी असावी. वहीची एक प्रत मराठींत ग्रामसभेच्या कपाटांत राहावी, आणि पुढच्या वर्षींच्या विद्यार्थ्यानें नवी वही घेण्याआधीं ती वाचावी. एवढें झालें तर १८८३ सालीं जो आंकडा आणि जो आवाज एकमेकांस न भेटतां वेगवेगळ्या वाटांनीं गेले, ते मोसमच्या कांठीं एका वहींत भेटतील. आणि ती वही रात्रीं जागून लिहितांना वडिलांनीं व थोरल्या बहिणीनें हात लाविला, तरी आमची हरकत नाहीं. मात्र त्यांनीं आधीं एकदां मुलाबरोबर डोंगर चढून यावें.